दुनळी बंदुकीची सफाई: तेल सगळ्यात शेवटी, तेही थेंबाने

निवडणुकीची आचारसंहिता संपली की ठाण्यात जमा केलेल्या बंदुका घरी परत येतात. मोहोळ-माढ्याकडच्या वस्तीवरची असो की सोलापुरात बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माजी सैनिकाची, १२ बोअरची दुनळी हातात आली की बहुतेक जण पहिले काम एकच करतात. तेलाची बाटली घेतात आणि वरून सोडतात. चकाकी येते, खटका मऊ लागतो, काम झाल्यासारखे वाटते. आतली जुनी राख, धूळ आणि गंज मात्र जागेवरच राहतो, फक्त आता तो तेलात कालवलेला असतो.

क्रम असा हवा: रिकामी असल्याची खात्री, सुटे करणे, कोरडी सफाई, द्रावक (मळ विरघळवणारा द्रव), पुन्हा कोरडे करणे आणि सगळ्यात शेवटी वंगण. पुढचे सगळे याच क्रमाने आहे आणि तो मोडू नका, असा माझा आग्रह आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः घोडे आत असलेल्या, मोडून (म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली झुकवून) भरायच्या दुनळीसाठी आहे. एकनळीलाही ते जसेच्या तसे लागू पडते. अर्ध-स्वयंचलित बंदुकीत काय वेगळे, ते शेवटाकडे दिले आहे. ठासणीची बंदूक असेल तर मात्र थांबा. काळ्या दारूची राख तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. तिची नळी आधी गरम पाण्याने धुवावी लागते, आणि ते काम या लेखात नाही.

तयारी

जागा उजेडाची आणि हवेशीर निवडा. स्वयंपाकघर नको. द्रावकाची वाफ पेट घेते आणि नळीतून निघणाऱ्या काळ्या मळात शिसे असते. गॅस, समई, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही जवळ नको. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. घरातली जुनी जाड सोलापुरी चादर टेबलावर दुहेरी घालून वर वर्तमानपत्र पसरा, म्हणजे लाकडाला आणि नळीला ओरखडे पडणार नाहीत.

काडतुसे या खोलीत नकोतच. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवून मगच बंदूक बाहेर काढा.

सामान फार लागत नाही. लाकडी किंवा पितळी गज, त्याला बसणारा १२ बोअरचा ब्राँझचा ब्रश, चिंध्या, जुना टूथब्रश, दात कोरायच्या लाकडी काड्या, टॉर्च, पातळ रबरी हातमोजे, द्रावक, हलके तेल आणि नखभर ग्रीस. शिवाय दोन स्नॅप कॅप, म्हणजे आतून रिकामी, दारू नसलेली नकली काडतुसे. शस्त्रविक्रेत्याकडे त्या मिळतात आणि त्या असायलाच हव्यात.

चिंध्यांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सोलापुरात चूक इथूनच सुरू होते. घरोघरी टॉवेलचे तुकडे पडलेले असतात, हात आधी त्यांच्याकडेच जातो. टेरी टॉवेलचे उभे धागे ब्रशमध्ये आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या, फटीत अडकून राहतात, आणि त्या धाग्यांनी धरलेली ओल नंतर गंज चढवते. जुने, धुऊन मऊ झालेले सुती धोतर किंवा पंचा घ्या. साधारण ७ ते ८ सेंटिमीटरचे चौकोन कापून ठेवा. पॉलिस्टर मिसळलेले गणवेशाचे कापड काही शोषत नाही, ते नको.

द्रावक म्हणून शस्त्रविक्रेत्याकडचे बोअर सॉल्व्हंट उत्तम. नसेल तर स्वच्छ रॉकेल चालते. पेट्रोल कधीही नाही.

तेल कोणते, यावर गावोगावी वाद ऐकू येतात, पण त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. खनिज तेल हवे. गन ऑइल मिळाले तर चांगलेच, नाही तर शिलाई मशीनचे पांढरे तेल चालते. खाण्याचे तेल नको, आणि आपल्याकडे हटकून हाताशी असणारे करडईचे तर मुळीच नको. करडईचे तेल हवेशी संयोग होऊन सुकते आणि चिवट पापुद्रा धरते, रंगाच्या धंद्यात ते वापरतात ते याच गुणामुळे. खटक्याच्या आत तसा पापुद्रा बसला की स्प्रिंग आळसावते. शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे तेलही कालांतराने चिकट होते. फवाऱ्याच्या डब्यातले गंज सोडवणारे द्रव मळ सैल करायला ठीक आहेत, पण बरेचसे उडून जातात. वंगण म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

टप्पा १: बंदूक रिकामी आहे, हे डोळ्यांनी आणि बोटांनी पाहा

नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. लिव्हर, म्हणजे बंदूक उघडायची कळ, दाबून बंदूक मोडा. दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळ्या, डोळ्यांनी पाहा, मग करंगळी आत घालून चाचपा. अंधारात किंवा घाईत डोळा फसतो, बोट फसत नाही. यानंतर टॉर्च लावून नळ्या आरपार पाहा.

बराच काळ भिंतीला टांगलेल्या किंवा कोपऱ्यात उभ्या केलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. ते बाहेरून दिसत नाही. अशा नळीतून बार काढला तर नळी फाटते.

तपासा: दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसतो का? अडथळा असेल तर गजाने चेंबरकडून तोंडाकडे ढकला. अडथळ्याच्या जागी काडतूस अडकलेले असेल तर ढकलू नका. बंदूक तशीच परवानाधारक कारागिराकडे न्या.

टप्पा २: सुटे करणे

बंदूक पुन्हा मिटवा. आधी फोरएंड काढायचे, म्हणजे नळीखालचा पुढचा लाकडी भाग. काही बंदुकांत त्याला खटका असतो, काहींत नुसते ओढून निघते. मग लिव्हर दाबून नळ्या खाली झुकवा आणि आकड्यातून उचलून बाजूला काढा. आता तीन भाग झाले: नळ्या, फोरएंड, आणि दस्त्यासह अ‍ॅक्शन, म्हणजे घोडे आणि चाप असलेला मधला लोखंडी भाग. घरी एवढेच सुटे करायचे.

सावधान: नळ्या काढलेल्या असताना चाप ओढू नका. आतले घोडे पडले की पुष्कळ बंदुकांत नळ्या पुन्हा बसत नाहीत. मग लोक जोर लावतात आणि काहीतरी वाकते.

दुसरी मनाई स्क्रूंची. बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात. दुकानातल्या साध्या पेचकसाने त्या पहिल्याच फेरीत फाटतात, आणि आतले स्प्रिंग सुटले तर ते घरी बसवता येत नाहीत. शिवाय बंदुकीची दुरुस्ती हे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना असलेल्याचेच काम आहे. सफाई तुमची, दुरुस्ती त्याची.

टप्पा ३: नळ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नळ्यांचे तोंड वर्तमानपत्राच्या घडीवर टेकवा आणि गज नेहमी चेंबरकडून तोंडाकडे चालवा. उलटीकडून चालवला तर सगळा मळ चेंबरमध्ये आणि एक्स्ट्रॅक्टरवर येऊन बसतो. गज तोंडाच्या कडेला घासूनही देऊ नका. छर्रे कसे पसरतील हे नळीच्या तोंडाजवळचा किंचित निमुळता भाग, म्हणजे चोक, ठरवतो.

पहिली चिंधी कोरडी. सुटी राख आणि धूळ तिनेच निघते. आधीच द्रावक ओतले तर त्या धुळीचा चिखल होतो आणि ब्रश तोच चिखल नळीभर घासत नेतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ फार बारीक असते, आणि ज्वारी काढणीच्या दिवसांत शेतावर राहिलेल्या बंदुकीत तर ती हमखास असते. कोरडी चिंधी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

मग द्रावकाने भिजवलेली चिंधी दोन्ही नळ्यांतून फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. हे थांबणेच काम करते. हाच वेळ वाचवायला जाऊन नंतर दुप्पट घासावे लागते.

आता ब्राँझचा ब्रश. तो एका टोकाला पूर्ण बाहेर पडू द्या, मगच मागे ओढा. नळीच्या मध्यात दिशा बदलली तर ब्रशचे केस मुडपतात आणि ब्रश अडकतो. प्रत्येक नळीत दहा-बारा फेऱ्या पुरतात. आजच्या काडतुसांत दारू आणि छर्रे यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा वॅड, म्हणजे बूच, असतो. त्याचा पातळ थर नळीत राहतो आणि टॉर्चच्या उजेडात करड्या पट्ट्यांसारखा दिसतो. शिशाचे डाग बहुधा चेंबरच्या पुढे आणि चोकजवळ असतात. या दोन जागांसाठी जास्तीच्या फेऱ्या द्या, पण त्याही पूर्ण, ब्रश टोकाबाहेर काढूनच.

चेंबर वेगळे घासावे लागते, आणि हे बहुतेकांकडून राहते. १२ बोअरच्या नळीचे आतले माप साधारण १८.५ मिलिमीटर असते, चेंबर मात्र २० मिलिमीटरहून रुंद. नळीला घट्ट बसणारा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो आणि काडतुसाच्या कवचाचा थर तसाच राहतो. चेंबरचा वेगळा ब्रश असेल तर उत्तम. नसेल तर नळीच्याच ब्रशवर द्रावकात भिजवलेली चिंधी गुंडाळून तो जाड करा आणि चेंबरमध्ये गोल फिरवा. काडतूस अडकते, बाहेर येत नाही, अशी तक्रार असते, त्यामागे पुष्कळदा हा थर असतो.

शेवटी कोरड्या चिंध्या. चिंधी आत गेली त्याच रंगाची बाहेर आली की थांबा.

तपासा: नळी उजेडाकडे धरून सावकाश फिरवा. आतल्या भिंतीवर पूर्ण गोल, कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते. एका बाजूला वाकडी सावली म्हणजे पोचा. दोन्हींत ती बंदूक वापरू नका, आधी कारागिराला दाखवा. गंजाचे बारीक खड्डे असतील तर ते घासून जात नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

गंजासाठी पॉलिश पेपर, तारेची घासणी, चिंच, लिंबू, व्हिनेगर, यांतले काहीच नको. आंबट पदार्थ गंजाबरोबर नळीवरचा निळा-काळा थरही उतरवतात, आणि उघडे पडलेले पोलाद पुढच्या पावसात दुप्पट गंजते. वरवरचा तांबूस गंज असेल तर त्यावर तेल लावून काही तास ठेवा आणि जाड सुती कापडाने चोळा. निघेल तेवढा निघू द्या.

टप्पा ४: एक्स्ट्रॅक्टर आणि ब्रीच

टूथब्रश द्रावकात बुडवून झटका, म्हणजे तो ओला असेल पण टपकणार नाही. नळ्यांच्या मागच्या टोकाचा एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढून त्याच्या खालची राख काढा. कोपऱ्यांत लाकडी काडी चालवा. सुई किंवा खिळा नको. एक्स्ट्रॅक्टरखाली राख साठली की तो पूर्ण आत बसत नाही आणि बंदूक नीट मिटत नाही. मग लोक गुडघ्यावर आपटून मिटवतात.

अ‍ॅक्शनच्या बाजूला ब्रीचची, म्हणजे नळ्यांची मागची तोंडे बंद करणारी, सपाट भिंत आणि काडतुसाच्या बुडाला ठोकणाऱ्या फायरिंग पिनांची दोन छिद्रे आहेत. भिंत टूथब्रशने घासून लगेच पुसा. अ‍ॅक्शन धरताना तिचे तोंड जमिनीकडे ठेवा, म्हणजे द्रावक छिद्रांतून आत न जाता खाली टपकेल. छिद्रांत तेल सोडू नका. आत गेलेले तेल धूळ धरते, पिन जड होते आणि बार चुकतो.

टप्पा ५: वंगण

नियम सोपा आहे. जिथे धातूवर धातू जोराने दाबून घासतो तिथे ग्रीस, जिथे हलका भाग नुसता सरकतो तिथे तेल, बाकी सगळीकडे पुसलेला पातळ हात.

ग्रीसच्या जागा तीन: नळ्यांचा आकडा ज्यावर अडकतो तो अ‍ॅक्शनमधला बिजागरीचा दांडा, नळ्यांखालच्या आकड्याची आतली वक्र बाजू, आणि फोरएंडचा लोखंडी भाग अ‍ॅक्शनवर फिरतो ती गोलाई. प्रत्येक जागी तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस पुरे. ते बोटाने पसरून धातू नुसता ओलसर दिसेल इतके ठेवा. आधीचे ग्रीस पूर्ण पुसलेले हवे. जुन्या ग्रीसमध्ये धूळ बसलेली असते, त्यावर नवे चोपडले की बिजागरी जात्यासारखी स्वतःलाच दळत राहते. वर्षानुवर्षे असे झाले की नळ्या सैल होतात, आणि मग ते काम महागात जाते.

तेलाचे थेंब: एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्यावर एक, लिव्हरच्या मुळाशी एक, सेफ्टीच्या पट्टीखाली अर्धा. थेंब थेट बाटलीतून टाकू नका. काडीच्या टोकावर घेऊन टेकवा. चापाला तेल लागत नाही.

जास्तीचे तेल बंदूक उभी ठेवल्यावर खाली झिरपते आणि अ‍ॅक्शनमागच्या लाकडात मुरते. ते लाकूड काळे पडते, मऊ होते, आणि धक्का बसताना तिथेच तडा जातो. जुन्या दुनळ्यांचे दस्ते मानेजवळ काळवंडलेले दिसतात, त्यात या तेलाचा मोठा हात असतो.

नळ्यांच्या आत, ठेवणीसाठी, तेलाचा हात फिरवलेली एक चिंधी एकदाच. बाहेरच्या निळ्या भागावरही तसेच. हातमोजे घालून पुसा, उघड्या बोटांचा घाम खारट असतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नळीवर उमटलेला ठसा काही दिवसांत तांबूस होऊ शकतो.

सावधान: वापरण्याआधी नळी आणि चेंबर कोरड्या चिंधीने पुसलेच पाहिजेत. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचे कवच भिंतीला धरत नाही आणि मागचा सगळा दाब ब्रीचवर येतो. आत राहिलेली चिंधी तर नळी फोडते. म्हणून काम सुरू करताना चिंध्या मोजा आणि संपल्यावर पुन्हा मोजा.

टप्पा ६: लाकूड

दस्ता कोरड्या कापडाने पुसा. लाखेची किंवा वॉर्निशची चकाकी असेल तर एवढेच पुरे. तेल पाजलेला जुना अक्रोडाचा दस्ता रुक्ष झाला असेल तर जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चोळा, तासाभराने जास्तीचे पुसून काढा आणि पूर्ण सुकू द्या. सुकणारे तेल लोखंडाच्या फटीत नको, लाकडाला मात्र तेच हवे. पकडीसाठी कोरलेल्या रेघांत ते भरू देऊ नका.

सावधान: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून उघड्यावर सुकवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

टप्पा ७: जोडणी आणि तपासणी

आधी नळ्या आकड्यात अडकवून सावकाश मिटवा, फोरएंड शेवटी. जोर लावावा लागला तर थांबा. बहुधा चिंधीचा धागा किंवा राख आकड्यात असते.

फोरएंड बसवण्याआधी एक चाचणी करा, ती फार उपयोगाची आहे. मिटवलेली बंदूक दस्त्याच्या मानेला धरून हलकेच हलवा. नळ्यांची खडखड ऐकू आली किंवा ब्रीचपाशी फट दिसली, तर बिजागरी झिजली आहे. बंदूक कारागिराकडे जाईपर्यंत बार काढू नका. ग्रीस भरपूर लावले की ही खडखड दबते, ग्रीस कमी लावा म्हणण्यामागे हेही कारण आहे.

मग दोन्ही चेंबरमध्ये स्नॅप कॅप घाला. सेफ्टी लावून चाप ओढा, काहीच व्हायला नको. सेफ्टी काढून एकेक चाप ओढा, दोन्ही बाजूंचा ठोका स्पष्ट आणि सारखा यायला हवा. बंदूक मोडा, स्नॅप कॅप बाहेर यायला हव्यात. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका, त्याने पिना मोडू शकतात.

आता हातमोजे काढून साबणाने हात धुवा, मगच पाण्याच्या तांब्याला हात लावा.

अर्ध-स्वयंचलित बंदूक असेल तर

अशी बंदूक आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, ती मुख्यतः नेमबाजीच्या खेळाडूंकडे दिसते. वरचा क्रम तिलाही लागू आहे, तीन फरक मात्र आहेत. रिकामी असल्याची खात्री करताना चेंबरबरोबर मॅगझिनची नळीही पाहावी लागते. चेंबर रिकामे दिसले तरी खालच्या नळीत काडतूस असू शकते. दुसरे, गॅसवर चालणाऱ्या प्रकारात पिस्टन आणि मॅगझिन नळीच्या बाहेरच्या बाजूला कठीण काजळी बसते. ती द्रावकाने काढून भाग जवळजवळ कोरडा ठेवायचा. तिथे तेल सोडले की तेच पुढच्या बारांच्या उष्णतेने भाजून घट्ट कवच होते आणि बंदूक अडकायला लागते. नळीतली गॅसची बारीक छिद्रे मोकळी आहेत ना, ते पाहा. तिसरे, चेंबर बंद करणारा बोल्ट ज्या खाचांतून मागेपुढे सरकतो, तिथे तेलाचा एकेक थेंब. सुटे करण्याची रीत बनावटीनुसार बदलते, त्यामुळे त्या बंदुकीचे माहितीपुस्तक समोर ठेवूनच हात घाला.

ठेवण

कापडी किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये बंदूक कायमची ठेवू नका. कव्हर ओल धरते, आणि कव्हरमधल्या बंदुकीचा गंज उघडून पाहीपर्यंत कळत नाही. कुलपाच्या लोखंडी कपाटात, आडवी किंवा नळ्यांचे तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल लाकडाकडे उतरणार नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या ओल्या दिवसांत, महिन्यातून एकदा काढून पुसा. बाकी वर्ष दोन-तीन महिन्यांनी पाहिली तरी चालते. भिजली असेल तर मात्र त्याच रात्री सुटी करून पुसायची, सकाळपर्यंत थांबायचे नाही.

निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर आदल्या दिवशी पूर्ण सफाई करा आणि बाहेरून नेहमीपेक्षा थोडा जाड तेलाचा हात द्या, कारण पुढे काही आठवडे ती कोणी पुसणार नाही. चामड्याचा पट्टा काढून घरी ठेवा. पावतीवरचा क्रमांक बंदुकीवरच्या आणि परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडून घ्या, जमा करतानाही आणि परत घेतानाही. परत आल्यावर पहिला टप्पा पुन्हा तोच: मोडा, पाहा, करंगळीने चाचपा, टॉर्च लावा.